कोविडच्या काळात थकलेली बिलं आता कायद्याने वसूल करता येतात का? त्या काळातल्या सवलती अजून लागू आहेत का?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: 2020 च्या उन्हाळ्यात तुम्ही एका खासगी कंपनीला माल दिला, पैसे सप्टेंबर 2020 अखेर द्यायचं ठरलं होतं आणि ते आजवर आले नाहीत. एकजण म्हणतो, "कोविडमुळे दिवाळखोरीचा अर्जच करता येत नाही." दुसरा म्हणतो, "तीन वर्षं उलटली, आता विसरा." शिवाय तुमच्या स्वतःच्या कंपनीच्या सभा अजून ऑनलाइन घेता येतील का, हेही विचारलंय.

मी दिवाणी आणि कंपनी कायद्याची कामं पाहतो. हा गोंधळ वारंवार समोर येतो आणि त्यात प्रामाणिक पुरवठादारांचे पैसे बुडतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्याचं म्हणणं बरोबर आहे, पण अर्धंच. 5 जून 2020 च्या वटहुकुमाने दिवाळखोरी संहितेत कलम 10अ घातलं गेलं. 25 मार्च 2020 पासून पुढे जी थकबाकी होईल तिच्यासाठी कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू करता येणार नाही, असं ते कलम सांगतं. सुरुवातीला ही बंदी सहा महिन्यांची होती, नंतर ती वाढवत 24 मार्च 2021 पर्यंत नेली. या मुदतीत झालेल्या थकबाकीसाठी असा अर्ज पुढे कधीच करता येत नाही, म्हणजे बंदी उठल्यावरही ते दार उघडलं नाही. तुमच्या बिलाची तारीख नेमकी या मुदतीत येते, त्यामुळे एनसीएलटीचा, म्हणजे जिथे हा अर्ज करतात त्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाचा, रस्ता बंद. तो तसाही कठीण होता, कारण 24 मार्च 2020 लाच किमान थकबाकीची मर्यादा एक लाखावरून एक कोटी केली गेली आणि महामारी सरल्यावरही ती खाली आली नाही. छोट्या पुरवठादाराच्या हातातलं एक मोठं हत्यार त्या दिवशी कायमचं गेलं. याची चर्चा फारशी झाली नाही, व्हायला हवी होती.

पण दिवाळखोरीचा अर्ज बंद झाला म्हणून देणं माफ झालं नाही! कलम 10अ फक्त त्या एका प्रक्रियेपुरतं आहे. वसुलीचा दिवाणी दावा, करारात लवादाचं कलम असेल तर लवाद, आणि माल देतानाच तुमची सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदणी झालेली असेल तर सुविधा परिषद (अशा उद्योगांच्या थकलेल्या पैशांचे वाद सोडवणारी सरकारी परिषद), यांतल्या कशालाही ते कलम हात लावत नाही. सुविधा परिषदेकडे जाता आलं तर व्याजही भरघोस मागता येतं: रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने.

आता दुसऱ्याचं म्हणणं. अशा वसुलीचा दावा लावायला कायद्याने तीन वर्षांची मुदत असते, त्याबद्दल तो बोलतोय. 2020 च्या मार्चमध्ये न्यायालयांपर्यंत पोहोचणंच अशक्य झालं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन दावे-अपिलांच्या मुदती थांबवल्या. नंतर लाटा आल्या-गेल्या तसे आदेश बदलत गेले. शेवटचा आदेश 10 जानेवारी 2022 चा. त्यानुसार 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा सगळा काळ मुदतीच्या हिशेबातून वगळायचा. तुमची तीन वर्षं सप्टेंबर 2020 पासून धावायला हवी होती, ती प्रत्यक्षात 1 मार्च 2022 पासून धावली. म्हणजे मुदत सप्टेंबर 2023 मध्ये संपली नाही, ती फेब्रुवारी 2025 अखेरपर्यंत होती.

ती तारीखही ओलांडली असेल तर लगेच हात टेकू नका. मुदत कायद्याचं कलम 18 बघा. मुदत चालू असताना समोरच्याने सहीनिशी लेखी देणं कबूल केलं असेल, तर त्या दिवसापासून नवी तीन वर्षं मोजतात. मधल्या काळात थोडी रक्कम भरली असेल आणि त्याची लेखी नोंद असेल, तर कलम 19 ने तेच होतं. दरवर्षी मार्चअखेरीला आपण शिल्लक रकमेच्या खात्रीपत्रावर सही-शिक्का घेतो ना, तो कागद इथे सोन्यासारखा आहे. ताळेबंदातली नोंदही कबुली ठरू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये सांगितलंय. मात्र ताळेबंदात "विविध धनको" अशी एकत्रित रक्कम असेल आणि तुमचं नाव कुठेच नसेल, तर त्यावर विसंबू नका. जुने ईमेल आणि लेजरचे उतारे आजच शोधायला घ्या.

रक्कम तीन लाख किंवा त्याहून जास्त असेल तर दावा व्यावसायिक न्यायालयात जाईल. तातडीचा दिलासा मागायचा नसेल तर त्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. ती टाळून लावलेला दावा दारातच फेटाळला जातो.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण "महामारी होती" हे कारण त्या काळात कशाकशासाठी वापरलं गेलं हे लक्षात राहायला हवं. गुजरात सरकारने एप्रिल 2020 मध्ये कारखान्यांना कामगारांकडून रोज बारा तास काम करून घ्यायची मुभा दिली, आणि जादा कामाचा दुप्पट मोबदलाही काढून साध्या दरावर आणला. कारखाने कायद्यात "सार्वजनिक आणीबाणी"साठी ठेवलेल्या कलमाचा त्यासाठी आधार घेतला होता. 1 ऑक्टोबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या अधिसूचना रद्द केल्या, आणि राबलेल्या कामगारांना जादा कामाचे पैसे द्यायला लावले. आर्थिक अडचण खरी असली तरी तिचा भार सगळ्यात दुबळ्यावर टाकता येत नाही, ही भूमिका मला मनापासून पटते. तुमचा देणेकरी "तेव्हा धंदा बंद होता" म्हणून पैसे नाकारतोय. माल घेतला, वापरला, विकला, तर हा बचाव टिकणं अवघड आहे.

सभांचं थोडक्यात. संचालक मंडळाच्या बैठकीत वार्षिक हिशेब मंजूर करण्यासारखे काही विषय व्हिडिओवरून घ्यायला पूर्वी मनाई होती. मार्च 2020 मध्ये त्यात तात्पुरती सूट मिळाली आणि जून 2021 मध्ये मनाईचा तो नियमच वगळला, त्यामुळे त्या बैठका निर्धास्त घ्या. भागधारकांच्या वार्षिक सभेचं तसं नाही. तिथली ऑनलाइन मुभा कायद्यात बदल करून आलेली नाही, ती 2020 पासून कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या परिपत्रकांवर चालत आलीय. सभेची नोटीस काढण्याआधी त्या दिवशी लागू असलेलं परिपत्रक तुमच्या कंपनी सेक्रेटरीकडून मागून घ्या, आणि त्याचा क्रमांक नोटिशीत लिहा.