क्वांटम वेलचा थर्मल कॅमेरा दुकानात का मिळत नाही?

प्रश्न: मी इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. क्वांटम वेल डिटेक्टर एवढा भारी आहे म्हणतात, मग दुकानातल्या थर्मल कॅमेऱ्यात तो का नसतो?

उत्तर: खरंच भारी आहे तो, पण अडतंय ते थंडाव्यापाशी. बघ, गॅलियम आर्सेनाइडचा काही नॅनोमीटरचा थर दोन्ही बाजूंनी अ‍ॅल्युमिनियम मिसळलेल्या थरांत दाबला की इलेक्ट्रॉन त्या खाचेत, म्हणजे क्वांटम वेलमध्ये, अडकतो, उष्णतेचा फोटॉन आला की उडी मारून बाहेर पडतो आणि करंट वाहतो, आणि थराची जाडी बदलली की कुठली वेव्हलेंग्थ पकडायची तेही बदलतं, मला तर यातलं हेच सगळ्यात आवडतं! १९८७मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत बॅरी लेव्हिन यांच्या टीमने हे करून दाखवलं, मग नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेत सरथ गुणपाला यांच्या टीमने त्याचे अ‍ॅरे, म्हणजे अशा पिक्सेलच्या ओळी-रांगांच्या चिप, बनवून कॅमेऱ्यात बसवले. गॅलियम आर्सेनाइडची वेफर इंडस्ट्री आधीच तयार होती, त्यामुळे सगळे पिक्सेल जवळपास सारखे निघतात, पारा असलेल्या एमसीटी (मर्क्युरी कॅडमियम टेल्युराइड) डिटेक्टरमध्ये हे जमवणं फार अवघड.

पण पृथ्वीचे फोटो काढणाऱ्या लँडसॅट ८ सॅटेलाइटच्या थर्मल सेन्सरमधले क्वांटम वेलचे ६४० बाय ५१२ पिक्सेलचे तीन अ‍ॅरे साधारण ४३ केल्व्हिनला, म्हणजे उणे २३० सेल्सिअसला ठेवावे लागतात. नाहीतर चिपच्या स्वतःच्या उष्णतेनेच इलेक्ट्रॉन उड्या मारत सुटतात. त्यासाठी क्रायोकूलर, म्हणजे इतकं थंड करणारं यंत्र, लागतो, म्हणजे वजन, वीज आणि पैसा. मायक्रोबोलोमीटरला, म्हणजे उष्णतेने तापून रेझिस्टन्स बदलणाऱ्या डिटेक्टरला, हे काहीच लागत नाही, म्हणून दुकानात तोच. सॅटेलाइटला मात्र हा खर्च परवडतो, लँडसॅट ९वरही हेच डिटेक्टर आहेत.