पहिल्या मीटिंगला जायचंय ना, मग हे वाच
भावा, एए म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा ग्रुप, तिथं फी नाही, फॉर्म नाही, आडनाव पण कोण विचारत नाही, दारू सोडायची इच्छा असली की बास. आता सोलापुरात मीटिंग कुठं ते शोधायला १४४४६ ला फोन लाव, व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाईन आहे, पैसे पडत नाहीत, नाहीतर सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत जाऊन विचार, तिथल्या लोकांना बहुतेक माहीत असतंय. पत्ता मिळाला तरी निघायच्या आधी एक फोन कर, कारण वार-वेळ बदलतंय, मी एकदा सात रस्ता चौकातनं उन्हात चालत गेलो आन दाराला कुलूप! त्यादिवशी परत येताना पाय गुत्त्याकडंच वळत होते, खोटं कशाला बोलू.

ओपन मीटिंगला घरच्यांना नेता येतं, क्लोज्डला फक्त ज्यांना स्वतःची दारू सोडायचीय ते. बायकोसाठी अल-अनॉन, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांचा ग्रुप, वेगळा असतंय.

ओळखीचं कोण भेटलं तर, ही भीती मला पण होती, गाव केवढंसं. भेटला की, आमच्याच गल्लीतला! तो पण त्याच कामाला आलेला, मग लाज कुणाची कुणाला. पहिल्या दिवशी बोललं नाहीस तरी चालतंय, मागं बसून नुसतं ऐक.

एक मात्र सिरियसली घे. रोज भरपूर पीत असशील तर एकदम बंद करू नको, हात थरथरणं, फिट, भास होतात, जीवावर बेततं, आधी डॉक्टरला दाखव. गड्ड्याच्या जत्रेनंतर बघू म्हणू नको, मी तसं तीन जत्रा म्हणलो.