सगळ्यांना एकच चेहरा

चि. डॉक्टर,

रविवारी आलीस, चहा घेतलास, हिच्याशी तासभर बोललीस आणि जे विचारायला आली होतीस ते न विचारताच निघालीस. रात्री अकराला मेसेज आला. लगेच उत्तर दिलं असतं तर चिडून दिलं असतं, म्हणून दोन दिवस थांबलो. थोडा अजूनही चिडलोय, तेवढं समजून घे.

तुझी शाळेतली मैत्रीण. पहिला मुलगा इंग्लंडमध्ये झाला, तिथं विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत मुलगा की मुलगी ते तिनं विचारलं आणि त्यांनी सांगून टाकलं. आता दुसऱ्या खेपेला कोल्हापुरात आईकडे आलीय. तिला मुलगीच हवीय. "तिकडे दहाव्या आठवड्यात नुसतं रक्त तपासून सांगतात, आणि तुम्ही इथं एवढं काय झाकून ठेवता?" असं ती म्हणाली आणि तुला उत्तर सुचलं नाही. "सर, हिला सांगितलं तर कुणाचं काय बिघडतं?"

तिचं काहीच बिघडत नाही, हे मी आधीच कबूल करतो. तिनं वाटलं तर बारशाची तयारी आजपासून करावी. बिघडतं ते बाहेर बाकड्यावर बसलेल्या पुढच्या बाईचं.

मुलगी वाचवा वगैरे तुला सांगत बसणार नाही. ते कळत नसतं तर रात्री अकराला मेसेज केला नसतास. मला एकच गोष्ट सांगायचीय आणि ती मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. टेबलावर कोणीही असो, सगळ्यांना एकच चेहरा.

हे मला कोणी शिकवलं नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. गर्भाचं लिंग तपासून सांगण्याविरुद्धचा कायदा तेव्हाही होता. महाराष्ट्रानं 1988 सालीच केला होता, देशात पहिला. पण तो गर्भजल काढून लिंग तपासणाऱ्यांसाठी आहे, आपल्या सोनोग्राफीवाल्यांसाठी नाही, अशी मी स्वतःची समजूत घालत होतो. एक बाई आली. दोन मुलींवरचं तिसरं, पाचवा महिना. सोबत सासू. बाई इतकी घाबरलेली की जेली लावली तर पोट थरथरायला लागलं. लुगड्याचा काठ तिनं मुठीत असा धरला होता की बोटांची पेरं पांढरी पडली होती. मांडीचं हाड मोजताना मला मुलगा दिसला. त्या बाईची इतकी कीव आली की मी हसलो. "जावा, काही काळजी करू नका," एवढंच बोललो. खोलीतून जाताना ती माझ्या पाया पडायला वाकली. आपण एक जीव वाचवला, असं मला त्या दिवशी वाटलं. खरं सांगतो, मला अभिमान वाटला होता.

महिन्याभरानं तीच सासू धाकट्या सुनेला घेऊन आली. हिलाही एक मुलगी होती. मी माप घेतलं, ठोके बघितले, सगळं व्यवस्थित. पोटात मुलगी होती. मी काही बोललो नाही. कायद्याप्रमाणे वागलो, बरोबर वागलो, असं मला वाटलं. ती सासू पडद्याकडे बघतच नव्हती. ती सगळा वेळ माझ्या तोंडाकडे बघत होती. दार ओढून घेताना ती सुनेला म्हणाली, "मागल्या टायमाला डाक्टर हसलं हुतं. आज न्हाई हसलं."

पुढच्या वर्षी ती धाकटी परत दिवस राहून माझ्याकडेच आली. आधीची बाळंतपणं एक, गर्भपात एक. तो आकडा मी माझ्या हातानं कागदावर लिहिला. तिनंही काही सांगितलं नाही, मीही काही विचारलं नाही.

एकीला दिलेली बातमी दुसरीला न दिलेल्या बातमीतून कळते. तुझ्या मैत्रिणीला तू "मुलगी आहे, अभिनंदन" म्हणालीस, ती हसत बाहेर आली, बाकड्यावरच्या चौघींनी ते पाहिलं. आता पाचवीला तू काहीच बोलली नाहीस, तर ती काय समजेल? म्हणून म्हणतो, मैत्रीण असो, आमदाराची सून असो, मुलगी मागणारी असो, मुलगा मागणारी असो, एकच चेहरा. हेतू चांगला होता ही सबब मला चालत नाही. माझाही चांगलाच होता.

कायद्यातलं वाक्य तू परीक्षेसाठी पाठ केलं असशील. गर्भाचं लिंग शब्दांनी, खुणांनी किंवा अन्य कोणत्याही रीतीनं सांगायचं नाही. हे "अन्य कोणत्याही रीतीनं" कशासाठी लिहिलंय, ते मला त्या सासूनं शिकवलं. पेढा म्हटलं की मुलगा, जिलेबी म्हटलं की मुलगी, निळी शाई, लाल शाई, हे सगळे प्रकार तुला माहीत आहेत आणि तू ते करणार नाहीस, याची मला खात्री आहे. मला काळजी तुझ्या भुवयांची आहे. चांगल्या माणसाचा चेहरा फार बोलतो गं.

आपल्या जिल्ह्यात लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना सोनोग्राफीच्या यंत्रांना सायलेंट ऑब्झर्व्हर, म्हणजे पडद्यावरचं सगळं साठवून ठेवणारं उपकरण, बसवले गेले. आमच्यातले कित्येक डॉक्टर खवळले होते. आम्हाला चोर समजता का, म्हणाले. मी बसवून घेतला आणि त्यावरून दोन जुन्या मित्रांनी माझ्याशी बोलणं टाकलं. 2001 च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलांमागे 839 मुली होत्या. पुतळे उभे करतो, महाराजांचं नाव घेतो त्या जिल्ह्यात. 2011 ला 863 झाल्या. त्याचं श्रेय कुणी घ्यावं यावर मी वाद घालणार नाही. पण ते उपकरण पडद्यावरचं साठवतं, गर्भवतीच्या सोनोग्राफीला कायद्यानं भरायचा फॉर्म एफ कागदावरचं साठवतो. तुझा चेहरा कुठंच साठवला जात नाही. तो तुलाच सांभाळायचाय.

आणि एक सांगतो, कुणाशी वाद घालताना "उद्या पोरांना बायका मिळणार नाहीत" हे वाक्य वापरू नकोस. 2001 ची ती मुलं आज लग्नाची झालीत, गावागावांत स्थळं जुळत नाहीत, सगळं खरं. पण मुलगी कुणाची तरी बायको व्हायला लागते म्हणून जन्मू द्यायची, हे ऐकलं की माझा संताप होतो.

आता रक्ताच्या तपासणीचं. 1997 मध्ये डेनिस लो यांनी दाखवलं की गर्भाच्या डीएनएचे तुकडे आईच्या रक्तात फिरत असतात. वारेतून सुटलेले ते तुकडे, त्यात वाय गुणसूत्राचे सापडले की मुलगा. दहाव्या आठवड्यापासून ही तपासणी होते. डाउन सिंड्रोमची शक्यता आहे का हे पाहायला ती फार उपयोगी आहे आणि गरज असेल तिला जरूर सांगावी. पण आपल्याकडे अहवालात लिंग लिहायचं नाही. मैत्रिणीला सांग, कायदा सोनोग्राफीपुरता नाही. गर्भवतीच्या रक्ताची तपासणीही त्यात येते.

तिला वाटतं, इतकं लवकर कळायला लागलं म्हणजे झाकण्यात अर्थ उरला नाही. मला नेमकं उलटं वाटतं. पाचव्या महिन्यात पोट दिसायला लागलेलं असतं. शेजारीण विचारते, माहेरचे डोहाळजेवणाचं बघत असतात. त्यानंतर काही केलं तर चार लोकांत उत्तर द्यावं लागतं. दहाव्या आठवड्यात दिवस गेलेत हे नवरा आणि सासूशिवाय कुणाला माहीतही नसतं. खाली केलं तरी कुणाला कळत नाही. सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला मार्च 2017 मध्ये 19 भ्रूण सापडले, म्हणून तरी आपल्याला कळलं. इथून म्हैसाळ काही लांब नाही. त्याही प्रकरणाला तोंड फुटलं ते एक बाई मेली म्हणून.

इंग्लंडमध्ये का सांगतात? कारण तिथल्या बहुतेक घरांत त्या बातमीवर कुणाचा जीव टांगलेला नसतो. आपल्याकडे टांगलेला असतो. एवढंच उत्तर आहे, याहून हुशार उत्तर शोधत बसू नकोस.

कामाचं एक सांगायचं राहिलं. कधीतरी बाळाचं मूत्राशय फुगलेलं दिसेल, खाली किल्लीच्या भोकासारखा आकार. मूत्रमार्गातल्या त्या पडद्याचा आजार मुलग्यांनाच होतो, तुला माहीत आहे. त्याचं नेमकं नाव तू नातेवाइकांसमोर घेतलंस आणि त्यांनी मोबाइलवर शोधलं, की तू लिंग सांगितलंस. "लघवीचा निचरा नीट होत नाहीये, वरच्या डॉक्टरांना दाखवू," एवढंच बोल. अहवालातही अडथळा आहे एवढंच लिही आणि बाईंच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना फोन कर. माझ्याकडून एकदा ते नाव तोंडातून गेलं होतं. त्या घराला मुलगाच हवा होता, म्हणून काही झालं नाही. पण तो माझा शहाणपणा नव्हता.

हट्टी आहे, माणुसकी नाही, असं माझ्याबद्दल बोलतात ते तुझ्या कानावर आलं असेल. माझ्या सख्ख्या बहिणीनं तिच्या लेकीसाठी विचारलं होतं. ती मुलीला जीव लावणारी बाई, तिच्या मनात काही वाईट नव्हतं. मी नाही म्हणालो. पुढं चार वर्षं भाऊबीजेला ती आली नाही. चार वर्षं हिनं ओवाळणीचं ताट लावून ठेवलं आणि रात्री उचललं. मला वाईट वाटलं नाही असं कसं म्हणू? पण बहिणीला सांगितलं असतं तर त्या धाकट्या सुनेपुढं माझ्याकडे काय उत्तर होतं? तिच्यापुढं मी गप्प राहिलो होतो आणि बहिणीला सांगितलं? मी बरोबरच वागलो. अजूनही तसंच वागेन. तुला हे कठोर वाटलं तर वाटू दे.

मैत्रिणीला काय सांगायचं विचारलंस ना? तिला ठोके ऐकव. पाठीचा कणा दाखव, मण्यांची ओळ दिसते तशी. अंगठा तोंडात असला तर तोही दाखव, तिला आवडेल. मांडीचं माप घेताना पडदा तुझ्याकडे वळवून घे, आणि हे सगळ्यांच्याच वेळी कर, फक्त तिच्याच वेळी नको. आधीच सांगून ठेव, "मी कुणालाच सांगत नाही." ती रुसेल. रुसू दे, शाळेतली मैत्रीण आहे, परत येईल.

बुधवारी तिची तपासणी आहे आणि ती दुसऱ्या डॉक्टरांकडे द्यावी असं तुझ्या मनात आहे, हे मेसेजच्या शेवटच्या ओळीत कळलं मला. तसं करू नकोस. तूच कर. झाली की संध्याकाळी घरी ये, ही भाकरी-झुणका करणार आहे.

तुझा
सर