दुसरी चिठ्ठी बघ

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. चीनमधल्या चेंगदूच्या त्या वृद्ध वैद्यांनी वर्षभर शेजारी बसायला परवानगी दिली, हे वाचून मला किती आनंद झाला म्हणून सांगू! याला तिकडे ‘गेन शी’ म्हणतात, गुरूच्या पाठोपाठ राहून शिकणं. चीनमध्ये पारंपरिक वैद्यकाची मोठी विद्यापीठं आहेत, तरीही ज्येष्ठ वैद्यांच्या हातातली विद्या त्यांच्याबरोबर जाऊ नये म्हणून सरकारनं १९९० मध्ये निवडक वैद्यांना शिष्य नेमून द्यायला सुरुवात केली. नुसत्या पुस्तकांवर भागत नाही, हे त्यांनाही कळलं होतं.

सुरुवातीचे महिने तुझ्याकडे एकच काम असेल, ‘छाओ फांग’. वैद्य जीभ बघतील, नाडी बघतील, औषधांची नावं आणि वजनं सांगतील, तू चिठ्ठी उतरवून घ्यायची. समजावून कोणी सांगणार नाही. मी तिकडे असाच शिकत होतो तेव्हा दोन महिने मला वाटत होतं की मी कारकुनीच करतोय. मग एका संध्याकाळी वही चाळताना एकाच बाईच्या दोन चिठ्ठ्या समोरासमोर आल्या. पहिलीत ताजं आलं होतं, आठ दिवसांनी दुसरीत त्याच जागी सुंठ. बाकी काही बदललं नव्हतं. थंडी वाजून येणं थांबलं होतं, पण पोट गार पडून जुलाब लागले होते. आलं बाहेरून शिरलेली थंडी घालवतं, सुंठ पोटाला ऊब देते, हे मी वाचलेलं होतंच. पण नेमक्या कुठल्या क्षणी एक काढून दुसरी घालायची, ते मला त्या वहीनं दाखवलं.

म्हणून प्रत्येक चिठ्ठीखाली अर्धं पान कोरं सोड. जिभेचा रंग, तिच्यावरचा थर, झोप, शौच, सगळं लिही. रुग्ण परत आला की काय बदललं ते त्याच पानावर टीप. जो परत आला नाही तो बरा झाला, असं मात्र धरू नकोस. त्याची जागा कोरीच राहू दे.

आणि रुग्ण उठून दाराकडे निघाल्यावर वैद्य जे बोलतात, तेही लिही. चांग चोंगचिंग या प्राचीन चिनी वैद्यांनी सुमारे १८०० वर्षांपूर्वी एक काढा सांगितला. दालचिनीची डहाळी, पिओनीचं मूळ, आलं, चिनी बोरं आणि भाजलेलं ज्येष्ठमध, एवढाच. पण सोबत असंही सांगितलं, की काढा घेतल्यावर थोड्या वेळानं गरम पातळ पेज प्यायची आणि पांघरूण घेऊन पडायचं. अंगाला हलका घाम यावा, पाण्यासारख्या धारा नकोत. आपल्या आजीनं सांगावं तसं! पाच औषधं पाठ करणारे पुष्कळ असतात, पेज सांगायला विसरतात.

तू बीएएमएस झालेली आहेस, त्यामुळे एक धोका तुला इतरांपेक्षा जास्त आहे. मनगटावर तीन बोटं ठेवलीस की वात, पित्त, कफ मनात येणारच. त्यांचीही तीन बोटं तिथेच टेकतात, पण ते ‘त्सुन, ग्वान, छ्ह’ या तीन जागा वाचतात. डाव्या हाताला हृदय, यकृत आणि मूत्रपिंड, उजव्या हाताला फुप्फुस, प्लीहा आणि पुन्हा मूत्रपिंड. त्यातही त्यांची ‘प्लीहा’ म्हणजे शवविच्छेदनात दिसते ती नव्हे, अन्न पचवून अंगी लावणारी सगळी व्यवस्था. वर्षभर तरी भाषांतर करू नकोस. तुलना नंतर आयुष्यभर करता येईल.

अक्युपंक्चरच्या सुयांची घाई नको. चीनमधल्या सोंग राजवटीत वांग वेइयी या वैद्यांनी १०२७ च्या सुमारास काशाचे दोन पुतळे घडवून घेतले. वरून मेण लावायचं, आत पाणी भरायचं, शिष्याची सुई नेमक्या बिंदूवर गेली तर पाणी ठिबकायचं. जिवंत माणसाला टोचण्याआधी हात तयार करण्याची त्यांची ही काळजी मला फार मोलाची वाटते. खांद्यावरच्या ‘च्येनचिंग’ बिंदूखाली फुप्फुसाचं टोक असतं, सुई खोल गेली तर त्याला भोक पडू शकतं. शरीररचनेचं पुस्तक बरोबर ने.

औषधांच्या दुकानात रोज तासभर उभी राहा. वास घे, तुकडा मोडून बघ. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रसेल्समध्ये वजन घटवण्याच्या गोळ्यांमध्ये ‘फांगची’ या मुळीऐवजी नावानं जवळची ‘ग्वांग फांगची’ गेली, आणि तिच्यातल्या अॅरिस्टोलोकिक आम्लानं कित्येक स्त्रियांची मूत्रपिंडं निकामी केली. इथे गुरूंना प्रश्न विचारायला संकोचू नकोस. फक्त शेवटचा रुग्ण गेल्यावर विचार.

माझ्या वहीत एका पानावर औषध नाही. मध्यमवयीन गृहस्थ ‘छातीत जड वाटतं’ म्हणत आले. गुरूंनी नाडीवर बोटं ठेवली, चेहऱ्याकडे पाहिलं आणि लगेच गाडी बोलावली. मला म्हणाले, लिही, ‘हॉस्पिटल’. बाकीचे रुग्ण तासभर ताटकळले, पण गाडी येईपर्यंत गुरू त्या माणसाजवळून हलले नाहीत.

सोलापूरची आहेस, हे तिथे आवर्जून सांग. सोलापूरच्याच डॉ. द्वारकानाथ कोटणीसांना चीनमध्ये ‘ख दीहुआ’ म्हणून ओळखतात. १९३८ मध्ये युद्धातल्या जखमींसाठी भारतातून तिकडे गेलेल्या त्यांच्याच वैद्यकीय पथकातले डॉ. बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन अक्युपंक्चर शिकले आणि ते कलकत्त्याला घेऊन आले. गुरूंसाठी भेट नेशील तर घड्याळ नको, त्या शब्दाचा उच्चार तिकडे मरणाशी जोडतात. सोलापुरी चादर ने.

महिन्याभरानं मला लिही. रुग्णाचं नाव गाळून एक चिठ्ठी पाठव, आणि त्याच रुग्णाची दुसरीसुद्धा.

तुझा,
सर