ओपन सेल की क्लोज्ड सेल? आधी स्लॅबची बाजू ठरवा

उन्हाळा लागला की आमच्याकडे घर तापण्याचेच प्रश्न जास्त येतात, पण यंदा निम्म्या पत्रांत स्प्रे फोम (गनने मारायचा, फुगून घट्ट बसणारा, उष्णता अडवणारा थर; ओपन सेल आणि क्लोज्ड सेल हे त्याचे दोन प्रकार) आहे, म्हणून यावेळचं सदर त्याच्यावरच.

प्रश्न: त्रिमूर्तीनगरात आमचं दोन मजली घर आहे, आम्ही वरच्या मजल्यावर राहतो आणि एप्रिलपासून रात्री ११ पर्यंत स्लॅब आग ओकत राहतो. मुलगा अमेरिकेत आहे, तो म्हणतो बाबा ओपन सेल मारून घ्या, इथे तोच वापरतात, स्वस्तही पडतो. इथला कॉन्ट्रॅक्टर म्हणून राहिला की क्लोज्ड सेलच घ्या, आतून सिलिंगला मारून देतो, दोन दिवसांत काम खतम. कोणाचं ऐकू?
– एक निवृत्त शिक्षक, त्रिमूर्तीनगर

उत्तर: काका, फोम कॉन्ट्रॅक्टर सांगतो तो घ्या पण तो सांगतो तिथे मारू नका.

मुलगा चुकीचं सांगत नाही, त्याचं घर वेगळं आहे. तिकडे लाकडी छत, त्याच्याखाली माळा, फोम लाकडाच्या मधल्या खणांत भरतात आणि वरून छत पाण्यापासून वेगळं सांभाळलेलं असतं. ओपन सेल म्हणजे पावासारखा मऊ, घनता घनमीटरला साधारण ८ किलो, आतली छिद्रं एकमेकांना जोडलेली. हवा अडवतो, आवाजही बऱ्यापैकी खातो, पण पाणी लागलं की पिऊन बसतो. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये स्लॅबवर पाणी थांबतं आणि नागपुरात किती गच्च्या खरंच गळत नाहीत ते तुम्हाला माहीतच आहे. क्लोज्ड सेलची छिद्रं बंद, तो घट्ट असतो, घनता ३० किलोच्या वर, छतावर मारायचा तर ४० ते ५० चा घ्यावा, आणि एका इंचाला आर-व्हॅल्यू (उष्णता अडवायची ताकद) ६ ते ७ मिळते, ओपन सेलला साडेतीनच्या थोडी वर. म्हणजे तेवढ्याच जाडीत जवळपास दुप्पट काम.

आता बाजू. आतून मारलं की ऊन पहिल्यासारखंच स्लॅबवर पडणार, स्लॅब दिवसभर तापणार, रात्री गार होणार, रोज ताणला जाणार आणि आकसणार, तुम्हाला फक्त ते खाली जाणवणार नाही. वर बारीक तडा गेला आणि पाणी उतरलं तर ते फोमच्या मागे फिरत राहील, ओल दिसेल भलत्याच कोपऱ्यात आणि तोवर सळया गंजायला लागलेल्या असतील. वरून मारला तर ऊन स्लॅबपर्यंत पोचतच नाही, स्लॅब गार राहतो आणि रात्रीची ती धग जाते. तुमचा खरा त्रास तोच आहे ना.

आकड्यात सांगायचं तर १५० मिलिमीटरच्या नुसत्या स्लॅबची यू-व्हॅल्यू ३ च्या वर जाते (जितकी जास्त तितकी उष्णता आत). केंद्र सरकारच्या २०१८ च्या इको निवास संहितेत घराच्या छतासाठी मर्यादा १.२ आहे. वरून ४० मिलिमीटर चांगला क्लोज्ड सेल बसला की ती ०.५ च्या आसपास येते. ज्या शहरात २०१३ च्या मे मध्ये पारा ४७.९ ला गेला तिथे हा फरक अंगाला कळतो. (२०२४ चे ते ५६ अंश सोडून द्या, तो सेन्सरचा घोळ होता असं हवामान खात्यानेच सांगितलं.)

पण फोम उघडा ठेवून चालत नाही, उन्हाने तो पिवळा पडतो, मग भुगा व्हायला लागतो, पाखरं चोची मारतात. कोटिंग पाहिजेच, आणि काकू गच्चीवर कुरडया-सांडगे घालत असतील, कूलरचा स्टँड आणि पाण्याची टाकी तिथेच असेल तर नुसत्या कोटिंगने भागणार नाही, वर जाळी टाकून सिमेंटचा थर, पाण्याच्या पाइपाकडे उतार देऊन. कोटेशनमध्ये हा थर आहे की नाही ते आधी बघा, बहुतेक तोच गायब असतो आणि म्हणून भाव कमी दिसतो.

कोटेशनमध्ये "दोन कोट" असं लिहिलेलं असेल तर ते परत करा. जाडी मिलिमीटरमध्ये आणि घनता किलोमध्ये लिहून मागा. एका फेरीत फार जाड थर मारला तर फोम फुगताना निघणाऱ्या उष्णतेने आतून जळकट होतो, म्हणून ४० मिलिमीटर दोन फेऱ्यांत मारायला लावा. काम झाल्यावर, कोटिंगच्या आधी, एका कोपऱ्यातून १० बाय १० सेंटिमीटरचा, ४ सेंटिमीटर जाडीचा तुकडा कापून घ्या आणि इतवारीत ओळखीच्या सोनाराकडे वजन करा. ४० च्या घनतेचा असेल तर १६ ग्रॅम भरला पाहिजे. १० भरला तर कॉन्ट्रॅक्टरला चहाला बोलवा आणि काटा समोर ठेवा.

वेळ म्हणाल तर फेब्रुवारी-मार्चच्या सकाळी. स्लॅब कोरडा पाहिजे, ओल्यावर फोम धरत नाही, फुगून सुटतो. मृगाच्या तोंडावर घाई करू नका, आणि वारा असेल त्या दिवशी तर बिलकुल नको, बारीक थेंब उडून शेजाऱ्याच्या गाडीवर बसले की निघता निघत नाहीत, मग भांडण वेगळं.

प्रश्न: आम्ही महालात जुन्या घरात राहतो. एसी नाही, कूलरच चालतो. तरी फोम करावा का?
– एक गृहिणी

उत्तर: ताई, लगेच नका करू. फोमचा अर्धा फायदा घर हवाबंद होण्यात आहे आणि कूलरला तर खिडकी उघडीच लागते, नाहीतर दमट होऊन जीव घुसमटतो. तुमचा वैरी फक्त छत आहे. आधी गच्ची धुवून, तडे भरून, पांढरा हीट रिफ्लेक्टिव्ह रंग मारा, त्याला फोमच्या मानाने फारच थोडे पैसे लागतात. धुळीने तो काळवंडतो, म्हणून उन्हाळ्याच्या सुरुवातीला एकदा घासून धुवायचा आणि काही वर्षांनी परत मारायचा. एक उन्हाळा असा काढून बघा. त्यानंतरही रात्री सिलिंगला हात लावल्यावर चटका बसत असेल तर मग वरून फोम किंवा एक्सपीएसच्या (थर्माकोलच्या जातीच्या, पण कडक) शीट, दोन्ही चालतात.

प्रश्न: नंदनवनला गच्चीवर पत्र्याची खोली काढली आहे, तिथे ट्यूशन घेतो. दुपारी पोरं बसूच शकत नाहीत आणि डिसेंबरात सकाळी पत्र्यातून थेंब टपकतात. खालून फोम मारता येईल का? आग लागते असं ऐकलं.
– एक शिक्षक

उत्तर: पत्र्याला खालून क्लोज्ड सेल हे जमणारं काम आहे, बुटीबोरी-हिंगण्याच्या शेडमध्येही फोम असाच बसतो. ३० ते ४० मिलिमीटर पुरे. थेंबाचं म्हणाल तर ते गळणं नाही, रात्री गार झालेल्या पत्र्यावर आतल्या हवेतली ओल जमते, आणि फोम चिकटून बसला की त्या ओलीला पत्रा सापडतच नाही. ओपन सेल इथे घालू नका, ओल त्याच्यातून आरपार जाऊन पत्र्यापर्यंत पोचते आणि पत्रा मागून गंजतो. गंज, तेल, धूळ आधी साफ करून घ्या, आणि एकदा मारला की तो पत्रा काढून दुसरीकडे लावायचा विचार सोडा.

आगीचं जे ऐकलं ते खरं आहे, त्यात सूट नको. "फायर रिटार्डंट आहे" म्हणजे जळत नाही असं नाही, पेट घ्यायला उशीर लागतो इतकंच, आणि पेटला की धूर भयंकर विषारी असतो. जिथे मुलं बसतात तिथे फोम उघडा ठेवायचाच नाही, खालून साडेबारा मिलिमीटरचा जिप्सम बोर्ड लावून झाका, वायरी पाइपातून न्या आणि नंतर कधी त्या खोलीत वेल्डिंग करायचं असेल तर आधी तिथला फोम खरवडून काढा. बोर्डाचा खर्च जमत नसेल तर फोम करूच नका, पत्र्याला वरून पांढरा रंग आणि खाली साधं फॉल्स सिलिंग करा.

प्रश्न: घरात सून गरोदर आहे, सासऱ्यांना दमा. फोमचा वास बाधतो का?
– जरीपटका

उत्तर: मारताना बाधतो, नक्की. दोन रसायनं गनमध्ये एकत्र येतात, त्यातल्या एकात आयसोसायनेट असतं आणि त्याने दमा उठतो, नसलेल्याला होऊ शकतो. मारणाऱ्याने पूर्ण सूट आणि बाहेरून हवा येणारा मास्क घातला पाहिजे, तोंडाला रुमाल बांधून आलेला माणूस दारातूनच परत पाठवा. घरच्यांनी त्या वेळात घरात थांबायचं नाही, साधारण २४ तासांनी परत यायचं, तेवढा वेळ खिडक्या उघड्या. तुमच्या घरी तर मी म्हणेन सूनबाईंना आणि सासऱ्यांना आठवडाभर नातेवाइकांकडे ठेवा, किंवा काम बाळंतपणानंतर ढकला. नीट सुकलेल्या फोमला वास राहत नाही. महिन्यानेही मासळीसारखा वास येत असेल तर मिश्रणाचं प्रमाण बिघडलेलं आहे, त्यावर अत्तर-अगरबत्ती कामाची नाही, तेवढा भाग कापून काढायला लावायचा.

प्रश्न: हार्डवेअरच्या दुकानात फोमचा डबा मिळतो, तोच आणून पूर्ण सिलिंगला मारला तर?
– मनीषनगर

उत्तर: नाही जमणार. तो फटी भरायचा फोम आहे, हवेतल्या ओलीने फुगतो, सपाट मोठ्या जागेवर एकसारखा बसत नाही आणि डबे घेता घेता पैसेही जास्त जातील. एसीच्या पाइपाचं भोक, दरवाजाच्या चौकटीमागची फट, याला मस्त आहे. फट आधी पाण्याने किंचित ओली करा, अर्धीच भरा कारण फुगतो, हातमोजे घाला आणि दुसऱ्या दिवशी वर आलेला भाग कटरने कापून टाका.