ग्रँड केमनला क्रूझ थांबते तेव्हा स्नॉर्केलिंग आणि प्राणी बघण्याची कोणती सहल घ्यावी?

प्रश्न थोडक्यात असा: मे महिन्यात मायामीहून सात दिवसांची क्रूझ, त्यात कॅरिबियन समुद्रातल्या ग्रँड केमन बेटाला सकाळी सात ते दुपारी तीन असा थांबा. सोबत पासष्टीच्या पुढचे आई-बाबा, दोघांनाही पोहता येत नाही. नऊ वर्षांच्या मुलीला ‘खरे प्राणी’ बघायचेत. जहाजाच्या यादीत डझनभर सहली आहेत, त्यातली कोणती घ्यावी?

उत्तर आधी सांगतो. सकाळची पहिली, छोट्या बोटीची आणि दोनच थांब्यांची सहल घ्या: नॉर्थ साउंड या उथळ खाडीतला स्टिंगरे सिटी सँडबार (पाण्याखालचा वाळूचा उंचवटा) आणि तिथून जवळची प्रवाळाची बाग. डॉल्फिनबरोबर पोहणं, कासव हातात धरून फोटो, ‘अर्ध्या दिवसात पाच ठिकाणं’ हे सगळं यादीतून काढून टाका. आई-बाबांना बोट नकोच असेल तर त्यांच्यासाठी निळ्या इग्वानांचं (मोठ्या सरड्यांचं) उद्यान आहे, आणि त्यात त्यांचं काही कमी होणार नाही.

मी तिथे दोनदा गेलोय, एकदा मित्रांबरोबर आणि एकदा आई-बाबांना घेऊन. माझं लहानपण मालवणजवळ गेलं, त्यामुळे स्टिंगरे म्हणजे आपली पाकट, शेपटीला काटा असलेला चपटा मासा, हे मला वेगळं कोणी सांगायची गरज नव्हती. रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यात, मोठी पाकट आली की आम्हा पोरांना मागे सारायचे आणि कोणीतरी आधी तिच्या शेपटीचा काटा कापून टाकायचा. शिवाय २००६ साली ऑस्ट्रेलियात टीव्हीवर प्राणी दाखवणाऱ्या स्टीव्ह अर्विनचा जीव पाकटीच्या काट्यानं गेला, ती बातमी आईच्या डोक्यात पक्की होती. त्यामुळे ‘पाकटींच्या घोळक्यात उभं राहायचं’ म्हटल्यावर आमच्या घरी काय झालं असेल याची कल्पना करा.

पण काटा हे पाकटीचं बचावाचं हत्यार आहे. वाळूत दडून बसलेल्या पाकटीवर पाय पडला, तिला दाबून धरलं, तर ती शेपूट मारते. म्हणून सँडबारवर पाऊल उचलून टाकायचं नाही, तळवे वाळूवर घासत सरकायचं. पाण्याची हालचाल जाणवली की ती आपणहून बाजूला होते. पायात काही घालू नका, अनवाणीच उतरा, म्हणजे तिला खरचटतही नाही.

या पाकटी तिथे जमल्या कशा, तेही सांगतो. नॉर्थ साउंडच्या बाहेरच्या कडेला प्रवाळाची भिंत आहे, तिच्या आत पाणी शांत असतं. पूर्वी मच्छीमार समुद्रातून परतताना इथे थांबून मासळी साफ करायचे आणि आतडी पाण्यात टाकायचे. त्या वासावर पाकटी येऊ लागल्या. १९८०च्या दशकात डायव्हिंग करणाऱ्यांनी त्यांना हातानं खायला घालायला सुरुवात केली आणि बघता बघता हे बेटाचं सगळ्यात मोठं आकर्षण झालं. सँडबारवर पाणी कमरेइतकं असतं, तळाला स्वच्छ पांढरी वाळू. पोहता न येणाऱ्या माणसाला भर समुद्रात उभं राहून मोठा जंगली प्राणी इतक्या जवळून बघता येईल अशा जागा जगात फार थोड्या आहेत. तुमच्या आई-बाबांसाठी मी हीच जागा सुचवतो त्याचं कारण हे.

बाबा शिडीवरून उतरले तेव्हा लाइफ जॅकेट घालून दोन्ही हातांनी मला धरून होते. पहिली पाकट त्यांच्या पोटरीला घासून गेली. त्यांनी मालवणीत विचारलं, “ही मारूची नाय मां?” पाच मिनिटांनी त्यांनी माझा हात सोडला. दहा मिनिटांनी ते मला दाखवत होते की हिचे डोळे पाठीवर आहेत आणि तोंड पोटाखाली, म्हणजे आपण काय खातोय ते तिला दिसतच नसणार. खरंच दिसत नाही. ती वासावर आणि भक्ष्याच्या अंगातून येणाऱ्या बारीक विद्युत लहरींवर अन्न शोधते. म्हणून ती माणसाच्या अंगावर येऊन धडकते तेव्हा तो हल्ला नसतो, ती फक्त चाचपत असते. पाठीवरून हात फिरवला तर पातळ शेवाळ धरलेल्या दगडासारखी लागते, पोटाकडून मात्र अगदी मऊ.

आता याच जागेची जी गोष्ट मला खटकते ती. पहिल्या खेपेला आमच्या बोटीवरच्या माणसानं एक मोठी पाकट दोन्ही हातांवर पाण्याबाहेर उचलली आणि एकेकाला बोलावून तिचं चुंबन घ्यायला लावलं. सात वर्षं नशीब फळफळतं म्हणे. मी तिच्या पोटाकडे बघत होतो. कल्ल्यांच्या फटी एकसारख्या उघडत-मिटत होत्या, पाणी शोधत होत्या. रापणीतल्या पाकटीच्याही अशाच व्हायच्या, पण तिथे निदान कोणी हसत नव्हतं. केमनच्या कायद्यानं तिथे पाकट पाण्याबाहेर काढायला बंदी आहे. तरी हे चालतं, कारण गिऱ्हाइकाला फोटो हवा असतो.

म्हणून सहल ठरवण्याआधी बोटवाल्याला ईमेल करून एकच प्रश्न विचारा: “तुम्ही पाकट उचलता का?” उत्तर सरळ ‘नाही’ आलं तर पुढे बोला. ‘काळजी करू नका, सगळ्यांना फोटो मिळेल’ असं आलं तर दुसरा शोधा. सहलीच्या जाहिरातीतले फोटो बघूनही बरंच कळतं.

खायला घालण्याबद्दलही माझं मत बदललंय. या पाकटींवरचा एक शास्त्रीय अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. दक्षिणी पाकट ही तिथली जात एरवी रात्री आणि एकटी चरते. सँडबारवरच्या पाकटी मात्र दिवसा जाग्या असतात, दाटीवाटीनं राहतात आणि छोट्याशा पट्ट्यात फिरतात, असं त्यात दिसलं. आपण दिलेल्या माकुळाच्या (स्क्विडच्या) तुकड्यांनी त्यांची रात्र दिवसात बदलली. मग जाऊच नये का? मी यावर बराच विचार केला. तिथे जाळं नाही, भिंत नाही, समोर उघडा समुद्र आहे. पाकटीला कंटाळा आला की ती निघून जाते, आणि जातेही. प्राण्याला आपल्यापासून दूर जाण्याची मोकळीक आहे का, या एका कसोटीवर मी आता सगळ्या सहली पारखतो. सँडबार त्यात बसतो, डॉल्फिनचा हौद बसत नाही. दुसऱ्या खेपेला आम्ही माकूळ हातात घेतलं नाही, तरी पाकटी आल्याच. मुलीनं हट्टच केला तर तळहात सपाट ठेवायचा, अंगठा आत दुमडायचा, आणि एक तुकडा पुरे.

गर्दीचं बघा. एका दिवशी चार-पाच जहाजं लागली असतील तर दहा-साडेदहानंतर सँडबारवर माणसं जास्त आणि पाकटी कमी दिसतात. कोणत्या तारखेला किती जहाजं येणार याचं बंदराचं वेळापत्रक नेटवर मिळतं, ते आजच बघून ठेवा. जहाजं जास्त असतील तर सकाळच्या पहिल्या बोटीचाच आग्रह धरा. बोट पंधरा-वीस माणसांची असावी. शंभर जणांच्या बोटीत नुसतं चढण्या-उतरण्यात आणि डोकी मोजण्यात अर्धा तास जातो, आणि पाण्यात घाबरलेल्या माणसाकडे बघायला कोणाला सवड नसते.

जहाजाकडून घ्यावी की बाहेरून? ग्रँड केमनला जहाज धक्क्याला लागत नाही. ते खोल पाण्यात उभं राहतं आणि टेंडर नावाच्या छोट्या बोटींनी जॉर्ज टाऊनला उतरवतात. मोठ्या जहाजांसाठी धक्का बांधावा का यावर २०२५ साली बेटावर सार्वमत झालं आणि लोकांनी नाही म्हटलं, त्यामुळे हे लवकर बदलणार नाही. जहाजाची सहल घेतलेल्यांना बहुधा आधी उतरवतात, आणि ती सहल उशिरा परतली तर जहाज थांबतं. बाहेरून घेतलीत तर थांबत नाही. पण छोटी बोट बहुतेक वेळा बाहेरच मिळते आणि स्वस्तही पडते. आम्ही दुसऱ्या खेपेला बाहेरून घेतली, फक्त दोन गोष्टी पक्क्या केल्या: हवा खराब होऊन जहाज थांबलंच नाही तर पूर्ण पैसे परत, आणि जहाज सुटायच्या निदान तीन तास आधी आम्ही धक्क्यावर. आई-बाबा सोबत असताना याहून कमी वेळ हाताशी ठेवू नका.

आणि घड्याळ! याबद्दल कोणी सांगत नाही. अमेरिकेत मार्च ते नोव्हेंबर घड्याळं एक तास पुढे असतात, केमनमध्ये ती वर्षभर बदलत नाहीत. मे महिन्यात जहाज मायामीच्या वेळेवर चालत असेल तर बेटावर एक तास कमी वाजलेले असतात आणि तुमचा फोन किनाऱ्यावर पाय ठेवताच गुपचूप बेटाची वेळ दाखवू लागतो. पहिल्या खेपेला आम्ही फोन बघून निवांत नारळपाणी पीत बसलो होतो. शेजारच्या टेबलावरच्या एका आजींनी मनगटावरचं घड्याळ दाखवलं तेव्हा धावत सुटलो. बाबांच्या मनगटावर जहाजाच्या वेळेचं साधं घड्याळ बांधा आणि त्याला हात लावू नका. बोटवाल्याकडून वेळ घेताना ‘बेटाची की जहाजाची’ हे विचारून घ्या.

प्रवाळाच्या बागेबद्दल आधीच सांगतो, पोस्टरमधले रंग मनात धरून जाऊ नका. २०२३च्या उन्हाळ्यात पाणी इतकं तापलं की केमनचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. त्याआधी, २०१४ साली, प्रवाळाचं ऊतक झडण्याचा एक रोग फ्लोरिडात दिसला होता, तो कॅरिबियनभर पसरलाय. काही दगडी प्रवाळ थडग्यासारखे उभे आहेत. ते बघून मला भडभडून आलं, खोटं कशाला बोलू. तरी तिथे जीव आहे. जांभळे समुद्रपंखे, म्हणजे पंख्यासारखे मऊ प्रवाळ, लाटेबरोबर डोलतात, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे मास्कच्या काचेशी येतात. एक करा: तिथे पोहोचल्यावर हातपाय थांबवून नुसतं तरंगत राहा आणि कान द्या. कुरुम, कुरुम असा आवाज येईल. पोपटमासा चोचीनं दगडावरचं शेवाळ खरवडत असतो, त्याचा तो आवाज. त्याबरोबर पोटात गेलेला प्रवाळाचा चुरा तो वाळू करून बाहेर टाकतो. सँडबारवर तुम्ही ज्या वाळूवर उभे होतात तिच्यातले काही कण असेच घडलेले. मुलीला हे आधी सांगून ठेवा, ती तो मासा शोधत बसेल.

आई-बाबांना बागेत उतरवू नका. तिथे पायाला तळ लागत नाही, आणि उभं राहायचा प्रयत्न केला की पाय प्रवाळावरच पडतो. त्यांनी बोटीत बसून खाली बघावं, पाणी तेवढं नितळ असतं. हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असेल तर सँडबारलाही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

बोट नको असेल त्यांच्यासाठी क्वीन एलिझाबेथ बोटॅनिक पार्क, जॉर्ज टाऊनहून टॅक्सीनं साधारण पाऊण तास. तिथला निळा इग्वाना जगात फक्त याच बेटावर आढळतो. २००२च्या पाहणीत मोकळ्या रानात जेमतेम १० ते २५ उरले होते. मग उद्यानात पैदास करून ते परत रानात सोडायला लागले आणि २०१८ साली हजारावा सोडला. माझी आई सरड्यालाही घाबरते. वाटेवर हातभर अंतरावर राखाडी-निळा, लाल डोळ्यांचा इग्वाना ऊन खात बसला होता. ती उभी राहून बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, “म्हातारा दिसतो गं बाई.”

कासवांचं म्हणाल तर वेस्ट बेमधलं कासव केंद्र १९६८च्या कासवशेतीतून उभं राहिलंय आणि तिथे मांसासाठीही कासवं वाढवतात. त्याला वन्यजीव म्हणता येणार नाही. मोकळी कासवं बघायची तर दक्षिण किनाऱ्यावर स्पॉट्स बीचला ती समुद्रगवत चरायला येतात. दिसतीलच असं नाही. हात लावायचा नाही, पाठलाग करायचा नाही.

सनस्क्रीन चोपडण्यापेक्षा सगळ्यांना पूर्ण बाह्यांचे पोहण्याचे टी-शर्ट घ्या. पाण्यात काही विरघळत नाही आणि पाठही भाजत नाही.

शेवटचं, मास्क. पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवून नाकानं श्वास आत ओढायचा. मास्क हात सोडल्यावरही चिकटून राहिला तर मापाचा. बाबांना मिशा असतील तर तिथून पाणी शिरणार. माझ्या बाबांनी मिशी काढायला साफ नकार दिला, मग वरच्या ओठावर थोडं व्हॅसलीन लावलं आणि भागलं. चष्मा असेल तर नंबरचा मास्क मिळतो का ते आधी विचारा. आणि मास्क-स्नॉर्केल आताच आणून घरी बादलीत तोंड घालून श्वास घ्यायची सवय करा. आमच्या बाबांना तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी ते बादलीतून डोकंच वर काढेनात.