दिवे एकाएकी लख्ख झाले आणि मिक्सर जळाला

प्रश्न : आमचं गाव खानापूर तालुक्यात. परवा पावसात संध्याकाळी दिवे एकाएकी डोळे दिपतील इतके प्रखर झाले. मी चटणी वाटत होते; मिक्सरमधून धूरच आला. फ्रीजही तेव्हापासून गप्प. समोरच्या घरात मात्र त्याच वेळी दिवे मिणमिणत होते. अर्थिंग नवं आहे, एमसीबीही पडला नाही. मग बिघाड कुठं?
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, तुमच्याकडे लख्ख आणि समोर मिणमिण, ही खूण न्यूट्रलची, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेची. खांबावर किंवा ट्रान्सफॉर्मरवर ती तुटली किंवा सैल झाली असणार. शहापुरात माझं मोटर वायंडिंगचं दुकान आहे. पावसाळ्यात अशी जळालेली आर्मेचर (मोटरचा फिरणारा, तार गुंडाळलेला भाग) घेऊन लोक येतात आणि कंपनीला नावं ठेवतात. दोष मिक्सरचा नसतो.

गल्लीतली घरं तीन फेजवर, म्हणजे करंट आणणाऱ्या तीन तारांवर, वाटलेली असतात, न्यूट्रल मात्र सगळ्यांची एकच. फेज-न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट, दोन फेजमध्ये सुमारे ४००. न्यूट्रल सुटली की वेगवेगळ्या फेजवरची दोन घरं ते ४०० आपसात वाटून घेतात, आणि ज्या घरात कमी वस्तू चालू, त्याच्या वाट्याला जास्त येतात. समोर गीझर चालू असेल तर तुमच्या मिक्सरवर ३५० सुद्धा आले असतील. एमसीबी जादा करंटला पडतो, व्होल्टेज त्याला कळत नाही. अर्थिंगही इथं कामाला येत नाही.

समोरच्यांनाही सांगा, कमी व्होल्टेजला फ्रीजचा कॉम्प्रेसर सुरू न होता नुसता घुमतो आणि वायंडिंग तापतं.

पुन्हा असं दिसलं तर आधी मेन स्विच पाडा, मग १९१२ वर तक्रार द्या. आणि एक हात जोडून सांगतो. ‘न्यूट्रल येत नाही, अर्थिंगला जोडून देतो’ असं कुणी म्हणालं तर त्याला वायरीला हात लावू देऊ नका. त्यानं फ्रीजच्या पत्र्यावर करंट उतरू शकतो, आणि फ्रीजचं दार घरातली पोरं ओल्या पायांनी उघडतात.

मेनजवळ ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घ्या. व्होल्टेज बिघडलं की तो लाइन तोडतो. फ्रीजचं म्हणाल तर ‘कॉम्प्रेसर गेला’ हे लगेच मान्य करू नका. आधी स्टॅबिलायझर, रिले आणि कंट्रोल कार्ड तपासायला लावा. कित्येकदा तेवढंच जळालेलं असतं.